स्टिक शेकर बंद, तास मात्र पूर्ण: बोइंग ७३७ मॅक्स आणि ९० वैमानिकांचं प्रकरण

एप्रिल २०२२ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, स्पाइसजेटच्या ९० वैमानिकांना बोइंग ७३७ मॅक्स उडवायला मनाई केली. या वैमानिकांचे परवाने वैध होते. जुन्या ७३७ विमानांवर ते काम करत होते आणि ते करायला त्यांना आडकाठी नव्हती. मॅक्ससाठी ठरवून दिलेलं सिम्युलेटर प्रशिक्षणही त्यांनी घेतलेलं होतं. गडबड निघाली ती सिम्युलेटरमध्ये. ग्रेटर नोएडातल्या सीएई सिम्युलेशन ट्रेनिंग प्रायव्हेट लिमिटेडच्या केंद्रातल्या ज्या मॅक्स सिम्युलेटरवर हे प्रशिक्षण झालं, त्यातला पी-१ बाजूचा, म्हणजे डावीकडच्या कॅप्टनच्या बाजूचा स्टिक शेकर, म्हणजे वेग धोकादायक कमी झाल्याचा इशारा म्हणून वैमानिकाच्या हातातला दांडा थरथरवणारी मोटर, चालत नव्हता.

मार्चअखेरीस डीजीसीएची माणसं तपासणीला गेली तेव्हा हे उघड झालं. तो भाग मार्चच्या मध्यापासून बंद होता आणि तरीही सत्रं चालू होती. एवढ्याशा कारणावरून ९० जणांना मॅक्सवरून खाली उतरवावं का, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला होता. बातमी चार दिवस चालली आणि मागे पडली. अपघात झालेला नव्हता, कुणाला खरचटलंही नव्हतं. पण विशिष्ट विमानासाठीची प्रशिक्षणाची अट म्हणजे काय, ती कशासाठी लिहिलेली असते आणि ती पाळली असं कधी म्हणायचं, हे समजून घ्यायला भारतातलं याहून चांगलं प्रकरण माझ्या पाहण्यात नाही. कारण जो भाग बंद होता, तो दुसऱ्या एखाद्या विमानाच्या सिम्युलेटरमध्ये कदाचित किरकोळ ठरला असता. मॅक्सच्या बाबतीत सगळी कहाणीच त्याच्याभोवती फिरते.

टाइप रेटिंग आणि 'फरकाचं प्रशिक्षण'

आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. पण तो परवाना हातात आला म्हणून कुणी थेट एअरबस किंवा बोइंगच्या कॉकपिटमध्ये बसत नाही. त्या त्या प्रकारच्या विमानासाठी वेगळं टाइप रेटिंग करावं लागतं: आधी वर्गात विमानाच्या यंत्रणा शिकायच्या, परीक्षा द्यायची, मग फुल फ्लाइट सिम्युलेटरवर, म्हणजे खऱ्या विमानासारख्या हलणाऱ्या नकली कॉकपिटमध्ये, प्रशिक्षकाबरोबर सत्रं करायची, परीक्षकासमोर चाचणी द्यायची आणि परवान्यावर त्या प्रकाराची नोंद करून घ्यायची. त्यानंतरही काही काळ प्रशिक्षक कॅप्टन शेजारी बसवून खऱ्या प्रवासी फेऱ्या कराव्या लागतात. सिम्युलेटरचं सत्र साधारण चार तासांचं असतं आणि दोघांच्या जोडीने होतं. अर्धा वेळ एकाने उडवायचं, दुसऱ्याने साथ द्यायची, मग अदलाबदल.

एकाच घराण्यातल्या विमानांना ही सगळी वाट पुन्हा चालावी लागत नाही. जुन्या पिढीचं ७३७ आणि मॅक्स ही दोन्ही एकाच टाइप रेटिंगखाली येतात. जुन्यावरून नव्यावर जाताना फक्त 'फरकाचं प्रशिक्षण' द्यायचं. हा फरक किती मोठा आहे हे नियामक ठरवतो आणि त्यानुसार अ पासून इ पर्यंत पायरी ठरते. सगळ्यात खालच्या पायरीवर नुसतं वाचन पुरतं, त्याच्या वरच्या पायरीवर संगणकावरचा पाठ लागतो, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर फुल फ्लाइट सिम्युलेटर किंवा प्रत्यक्ष विमान.

मॅक्सला अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, खालून दुसरी पायरी दिली. जुनं ७३७ उडवणाऱ्या वैमानिकाने टॅबलेटवर एक-दोन तासांचा पाठ पुरा केला की तो मॅक्ससाठी तयार, सिम्युलेटरची गरज नाही. बोइंगला हेच हवं होतं. अमेरिकेच्या साउथवेस्ट एअरलाइन्सशी केलेल्या करारात बोइंगने कबूल केलं होतं की मॅक्ससाठी सिम्युलेटर प्रशिक्षण लागलं तर दर विमानामागे १० लाख डॉलर कमी घेऊ. प्रशिक्षणाची अट किती असावी याचा निर्णय असा विक्रीच्या कागदाला बांधला गेला. विमानात एमकॅस नावाची नवी यंत्रणा होती. विमानाचं नाक जास्त वर जातंय असं तिला वाटलं की ती शेपटीचा आडवा पंख फिरवून नाक खाली दाबायची, आणि तेसुद्धा एकाच सेन्सरच्या सांगण्यावरून. वैमानिकांच्या पुस्तिकेतून तिचा उल्लेखच गाळला गेला. इंडोनेशियाच्या लायन एअरने २०१७ मध्ये आपल्या वैमानिकांना मॅक्सचं सिम्युलेटर प्रशिक्षण द्यायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा बोइंगकडूनच त्यांना त्यापासून परावृत्त केलं गेलं. बोइंगचे अंतर्गत संदेश २०२० च्या जानेवारीत बाहेर आले तेव्हा हे जगाला कळलं.

थरथरणारा कॉलम

स्टिक शेकर म्हणजे एक विजेची मोटर आणि तिच्या दांड्यावर मुद्दाम एका बाजूला बसवलेलं वजन. ती वैमानिकाच्या कंट्रोल कॉलमला, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करायच्या दांड्याला, जोडलेली असते. विमानाचा वेग धोकादायक कमी झाला किंवा पंखावर येणाऱ्या हवेचा कोन मर्यादेबाहेर गेला की मोटर सुरू होते आणि अख्खा कॉलम जोरजोरात थरथरायला लागतो, पत्र्यावर ड्रिल चालवावं तसा खडखडाट कॉकपिटभर होतो. वैमानिकाचे हात कॉलमवर असतात, त्यामुळे ही सूचना डोळ्यांनी वाचावी लागत नाही. तिचा अर्थ एकच: विमान स्टॉल होण्याच्या, म्हणजे पंखांची उचल संपण्याच्या बेतात आहे, नाक खाली कर.

आता हवेचा कोन मोजणारा सेन्सरच खोटं बोलायला लागला तर? विमान व्यवस्थित वर चढतंय, इंजिनं ठीक आहेत, आणि डावीकडचा कॉलम मात्र थरथरत सुटलाय. त्याच सेन्सरच्या आकड्यांवर वेग आणि उंचीचीही दुरुस्ती होत असल्याने डावीकडच्या पडद्यावरचे आकडे उजवीकडच्यांशी जुळेनासे होतात. वेग जुळत नाही, उंची जुळत नाही, असे इशारे एकामागून एक पेटतात. यातलं कोणतं खरं, हे कुणीच सांगत नाही.

लायन एअरच्या विमानाचं असंच झालं. २८ ऑक्टोबर २०१८ ला देनपसारमध्ये डावा सेन्सर बदलला गेला. नव्याने बसवलेल्या सेन्सरमध्ये २१ अंशांची चूक होती. त्या रात्री देनपसार ते जकार्ता फेरीत उड्डाणापासूनच स्टिक शेकर वाजत राहिला. कॉकपिटमध्ये त्या दिवशी एक तिसरा वैमानिक बसलेला होता. चालक दलाने शेपटीच्या ट्रिमची, म्हणजे तो आडवा पंख फिरवणाऱ्या मोटरची, वीज तोडणारे स्विच पाडले, तोच पंख फिरवणारं चाक हाताने फिरवत विमान सांभाळलं आणि कॉलम थरथरत असतानाच जकार्ता गाठलं. उतरल्यावर विमानाच्या नोंदवहीत वेग आणि उंचीच्या इशाऱ्यांची नोंद झाली. स्टिक शेकर सबंध फेरीभर वाजत होता ही नोंद झाली नाही, आणि ट्रिमचे स्विच पाडावे लागले हीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान पुन्हा निघालं. कॅप्टन आपल्या दिल्लीचे होते. डावा कॉलम उड्डाणापासून थरथरत होता, एमकॅस पुन्हा पुन्हा नाक खाली दाबत होती आणि कॅप्टन वीसपेक्षा जास्त वेळा ते वर आणत राहिले. शेवटी विमान जावा समुद्रात कोसळलं. १८९ माणसं गेली.

पुढच्या वर्षी १० मार्चला इथिओपियन एअरलाइन्सचं विमान अदिस अबाबाहून नैरोबीला निघालं. डाव्या सेन्सरचा आकडा काही क्षणांत ७४.५ अंशांवर गेला, खरा कोन त्याच्या आसपासही नव्हता. डावीकडचा स्टिक शेकर सुरू झाला तो जवळजवळ शेवटपर्यंत थांबला नाही. ट्रिमची वीज त्यांनीही तोडली, पण वेग इतका वाढलेला होता की हाताने ते चाक फिरेना. सहा मिनिटांत १५७ जणांचा मृत्यू झाला.

दोन्ही वेळा डावा सेन्सर, दोन्ही वेळा डावा शेकर. मॅक्सच्या अपघातांविषयी बोलताना सगळं बोलणं एमकॅसवर येऊन थांबतं, आणि ते साहजिक आहे. पण दोन्ही कॉकपिटमध्ये एमकॅसच्या आधीपासून, तिच्याबरोबर आणि तिच्या मध्येमध्ये हा खडखडाट चालू होता, हे फार कमी वेळा सांगितलं जातं.

बोइंगच्या चाचणीत काय नव्हतं

सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे तिथल्या अपघात तपास मंडळाने, एक अहवाल दिला. माझ्या मते ग्रेटर नोएडाच्या प्रकरणाची किल्ली त्या अहवालात आहे.

बोइंगने विमान प्रमाणित करून घेताना असं गृहीत धरलं होतं की एमकॅस चुकून सुरू झाली तर वैमानिक काही सेकंदांत ओळखेल, ट्रिम उलट फिरवेल, गरज पडली तर स्विच पाडेल. हे गृहीतक सिम्युलेटरमध्ये तपासूनही पाहिलं होतं. पण तपासलं कसं? नाक खाली दाबलं जाण्याची क्रिया तेवढी सिम्युलेटरला करायला लावली. ज्या बिघाडामुळे खऱ्या विमानात ते घडणार, तो खोट्या सेन्सरचा बिघाड दाखवलाच नाही. त्यामुळे त्या बिघाडाबरोबर येणारे वेगाचे आणि उंचीचे इशारे चाचणीत आले नाहीत, आणि स्टिक शेकरही वाजला नाही. शांत कॉकपिटमध्ये, एकच गोष्ट बिघडलेली असताना, वैमानिकांनी ती पटकन ओळखली. त्यावरून निष्कर्ष काढला गेला की आकाशातही ते ओळखतील.

म्हणजे ७३७ मॅक्सवर जी ३४६ माणसं गेली, त्यांच्यामागच्या चुकांच्या साखळीत एक कडी अशी होती की सिम्युलेटरमधला एक सराव स्टिक शेकरशिवाय झाला होता. हे वाक्य लक्षात ठेवून मग २०२२ च्या मार्चकडे यावं.

परत उडताना घातलेली अट

दुसऱ्या अपघातानंतर डीजीसीएने ११ मार्च २०१९ ला पहिलं पाऊल उचललं ते तासांचं होतं: मॅक्सवर कॅप्टनचे ७३७ वरचे किमान १००० तास आणि सहवैमानिकाचे किमान ५०० तास हवेत. घाईच्या वेळी नियामकाच्या हाताशी सगळ्यात आधी येणारं माप अनुभवाचंच असतं. पण जुन्या ७३७ वर हजार तास काढलेल्याने खोट्या सेन्सरमुळे वाजणारा शेकर आणि त्यात घुसणारी एमकॅस एकदाही पाहिलेली नसणार. ते हजार तास या प्रसंगाला काय कामाचे? लगेच पुढच्या एक-दोन दिवसांत भारतातली सगळी मॅक्स विमानं जमिनीवर आणली गेली. त्यात स्पाइसजेटची होती आणि जेट एअरवेजची होती. जेट तर पुढच्याच महिन्यात बंद पडली.

एफएएने नोव्हेंबर २०२० मध्ये मॅक्सला पुन्हा परवानगी दिली तेव्हा प्रशिक्षणाची पायरी बदललेली होती. आता प्रत्येक मॅक्स वैमानिकाला सिम्युलेटरमध्ये ठरावीक सराव करूनच विमानाला हात लावता येणार होता. एमकॅस कशी काम करते ते स्टॉलच्या जवळ जाऊन पाहायचं. ट्रिम बेताल सुटल्यावर वीज तोडून चाक हाताने, नाक वर आणि खाली दोन्ही बाजूंना, फिरवून पाहायचं. उड्डाणाच्या वेळीच सेन्सर खोटा मोठा कोन दाखवायला लागतो, वेग विश्वासार्ह राहत नाही आणि त्याच अवस्थेत पुढे गो-अराउंड करावं, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जावं लागतं, हा प्रसंग जगून पाहायचा.

या शेवटच्या सरावात काय घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. विमान धावपट्टी सोडतं आणि डावा कॉलम थरथरायला लागतो. वेगाचे दोन आकडे फाकतात. वैमानिकाचं पहिलं काम म्हणजे शेकरने सांगितलेलं न करणं. नाक खाली केलं तर जमीन जवळच आहे. आयुष्यभर हाताला लावलेली सवय त्या क्षणी दाबायची आणि ठरलेली पावलं तोंडपाठ टाकायची: ऑटोपायलट बंद, ऑटोथ्रॉटल बंद, नाक कुठे ठेवायचं ते पडद्यावर दाखवणारे दोन्ही फ्लाइट डायरेक्टर बंद. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या कडेचे सरकते पत्रे, बाहेर असतील तर नाक १० अंशांवर आणि इंजिन ८० टक्क्यांवर. फ्लॅप आत असतील तर ४ अंश आणि ७५ टक्के. मग कोणता वेग खरा ते शोधायचं. हे आकडे वर्गात पाठ करायला पाच मिनिटं लागतात. कोपरापर्यंत हादरे बसत असताना, शेजाऱ्याचं बोलणं नीट ऐकू येत नसताना ते आठवतात का, हे फक्त सिम्युलेटर सांगू शकतो. तिथला शेकर गप्प असेल तर राहतो तो पाठांतराचा तास.

कुणी म्हणेल, एमकॅस तर दुरुस्त झाली. खरं आहे. आता ती दोन्ही सेन्सर ताडून पाहते, दोघांत ५.५ अंशांपेक्षा जास्त फरक पडला तर चालतच नाही, आणि एका प्रसंगात एकदाच काम करते. पण या दुरुस्तीने स्टिक शेकर गप्प बसलेला नाही. डावा सेन्सर आजही खोटं बोलला तर डावा कॉलम आजही थरथरणार. युरोप आणि कॅनडाच्या नियामकांना हा खडखडाट इतका त्रासदायक वाटला की चुकून वाजणारा शेकर बंद करता यावा म्हणून त्याचा सर्किट ब्रेकर ओढायची मुभा त्यांनी चालक दलाला दिली आणि तो चटकन सापडावा म्हणून त्यावर रंगीत टोपी बसवायला सांगितली. एमकॅसची भीती संपल्यावर मॅक्सच्या वैमानिकाला शिकण्यासारखं जे उरलं, त्यात हा शेकर सगळ्यात वर आहे.

ग्रेटर नोएडातला मार्च

भारतात मॅक्सवरची बंदी २६ ऑगस्ट २०२१ ला उठली. स्पाइसजेटने नोव्हेंबरमध्ये उड्डाणं सुरू केली आणि वैमानिकांना सिम्युलेटरवर पाठवणं चालू होतं. मार्च २०२२ मध्ये चीनमध्ये चायना ईस्टर्नचं ७३७-८०० कोसळलं. ते मॅक्स नव्हतं, पण डीजीसीएने देशातल्या सगळ्याच ७३७ ताफ्यांवर नजर वाढवली. त्याच महिन्याच्या शेवटी सिम्युलेटर केंद्राची तपासणी झाली आणि बंद शेकर सापडला.

सिम्युलेटरही बिघडतो, त्यात आश्चर्य नाही. दिवसरात्र चालणारं ते यंत्र आहे. त्यासाठी जगभर एक साधी पद्धत आहे: काय चालत नाही याची नोंद ठेवायची, सत्राआधी ती प्रशिक्षकाने पाहायची, आणि त्या भागावर अवलंबून असलेला सराव तो भाग दुरुस्त होईपर्यंत घ्यायचा नाही. बाकीचे सराव चालू ठेवता येतात. म्हणजे शेकर बंद असताना त्या सिम्युलेटरवर एका इंजिनावर उतरण्याचा सराव घेतला असता तर कुणी बोट ठेवलं नसतं. मॅक्सचं पुनरागमनाचं प्रशिक्षण घेणं मात्र या पद्धतीत बसत नाही.

यावर एक तांत्रिक आक्षेप घेता येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ७३७ मध्ये दोन्ही कॉलम यांत्रिकरीत्या एकमेकांना जोडलेले असतात. एक शेकर वाजला तरी हादरे दोन्हीकडे जाणवतात. मग डावा बंद होता तरी उजवा होता ना? खऱ्या स्टॉलचा सराव असेल तर या म्हणण्यात तथ्य आहे, कारण तेव्हा दोन्ही सेन्सर एकच सांगतात आणि दोन्ही शेकर वाजतात. पण एका सेन्सरने दगा देण्याच्या प्रसंगात एकच शेकर वाजतो, बिघडलेल्या बाजूचा. प्रशिक्षकाने डावा सेन्सर बिघडवला आणि डावा शेकर बंद असेल तर कॅप्टनच्या पडद्यावर आकडे चुकतील, इशारे येतील, हातात मात्र काहीच जाणवणार नाही. उजवा बिघडवला तर हादरे मिळतील, पण मग कॅप्टनचे आकडे खरे राहतील. डाव्या खुर्चीत बसून आपलेच आकडे खोटे आणि आपलाच कॉलम थरथरतोय, हा प्रसंग त्या सिम्युलेटरवर उभाच करता येत नव्हता. जकार्ता आणि अदिस अबाबाचा प्रसंग तोच होता.

आणि एनटीएसबीने बोइंगच्या चाचणीबद्दल जे लिहिलं होतं, त्याच्याशी हे नेमकं जुळतं. बिघाडाचा एक परिणाम दाखवायचा आणि बाकीचे वगळायचे. तिथे ते गृहीतकामुळे झालं, इथे बंद पडलेल्या मोटरमुळे. सरावाला बसलेल्या माणसाच्या दृष्टीने परिणाम सारखाच.

५६० उरले, हे कशाचं उत्तर?

मनाई झाल्यावर स्पाइसजेटने निवेदन काढलं. मॅक्ससाठी प्रशिक्षित असे आपल्याकडे ६५० वैमानिक आहेत, ९० जणांच्या प्रशिक्षणाबाबत डीजीसीएचा आक्षेप असल्याने त्यांना डीजीसीएचं समाधान होईल असं फेरप्रशिक्षण मिळेपर्यंत मॅक्सपासून दूर ठेवलं आहे, ते बाकीच्या ७३७ विमानांवर उपलब्ध आहेत, मॅक्सच्या ११ विमानांना १४४ च्या आसपास वैमानिक लागतात आणि ५६० अजून हाताशी आहेत, असा त्याचा आशय होता.

प्रवाशाला उद्याची फेरी रद्द होणार का, हे या आकड्यांनी सांगितलं, आणि ते सांगणं विमान कंपनीचं कामच आहे. पण सत्राच्या खोलीत दोन आठवडे काय चाललं होतं, हे आकडे सांगत नाहीत. ९० वैमानिक म्हणजे बऱ्याच जोड्या. प्रत्येक जोडीबरोबर एक प्रशिक्षक किंवा परीक्षक होता. सेन्सर बिघडला, पडदे बदलले आणि कॉलम हातात गप्प राहिला, हे प्रत्येक सत्रात खुर्चीत बसलेल्याला कळण्यासारखं होतं. ज्याने आयुष्यात कधी शेकर अनुभवलाय, त्याला तर नक्कीच. तरी सत्र थांबलं नाही, कागदावर सही झाली आणि पुढची जोडी आत गेली. तपासणी बाहेरून आली म्हणून हे थांबलं.

वैमानिकांना मी यात फारसा दोष देणार नाही. त्यांना तारीख दिली जाते, वेळ दिली जाते, अनेकदा दुसऱ्या शहरातून येऊन रात्री दोनच्या सत्राला बसावं लागतं. सत्र रद्द करायला सांगणारा सहवैमानिक रोस्टरच्या लोकांना आवडत नाही, हे विमान क्षेत्रातल्या कुणालाही माहीत आहे. म्हणूनच ही जबाबदारी प्रशिक्षकाची, केंद्राची आणि कंपनीच्या प्रशिक्षण विभागाची ठरवलेली असते. डीजीसीएनेही ९० जणांवर शिक्षा म्हणून काही लादलं नाही. त्यांना पुन्हा शिकून यायला सांगितलं. जबाबदार असतील त्यांच्यावर कडक कारवाई करू, असं तेव्हाचे महासंचालक अरुण कुमार यांनी सांगितलं होतं.

स्पाइसजेटला कारणे दाखवा नोटीस गेली. उत्तर समाधानकारक वाटलं नाही. मे २०२२ च्या अखेरीस कंपनीला १० लाख रुपयांचा दंड झाला. असं प्रशिक्षण उड्डाणाच्या सुरक्षिततेला बाधक ठरू शकलं असतं आणि म्हणून ते रद्दबातल ठरवलं, असं डीजीसीएने स्पष्ट म्हटलं. या निर्णयात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे रद्दबातल ठरवणं. राहिलेला तेवढा एक सराव नंतर करून घ्या, अशी सवलत दिली नाही. दंडाची रक्कम मात्र मला तेव्हाही कमी वाटली, आजही वाटते. मॅक्स सिम्युलेटरचे तास महाग असतात. फेरप्रशिक्षणाचा खर्चच कंपनीला त्याहून जास्त झोंबला असेल.

मुंबईतली पुढची तपासणी

ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई ते अहमदाबाद फेरीने आकासा एअरची सुरुवात झाली. मुख्यालय मुंबईत आणि ताफा सगळा मॅक्सचा. त्यामुळे मॅक्सचं प्रशिक्षण हा आता मुंबईच्या एका विमान कंपनीच्या रोजच्या कारभाराचा भाग आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये डीजीसीएने तिची तपासणी केली तेव्हा पुन्हा सिम्युलेटरचाच मुद्दा पुढे आला. उपग्रहाच्या आधारे नेमक्या वाटेने उतरण्याच्या आरएनपी पद्धतीचं प्रशिक्षण, त्या कामासाठी पात्र न ठरवलेल्या सिम्युलेटरवर दिलं गेल्याचं डीजीसीएने म्हटलं. मॅक्सच्या शेकरशी याचा संबंध नाही, पण प्रश्न त्याच जातीचा आहे: जे शिकवायचंय ते या यंत्रात आहे का?

यावेळी कारवाई वेगळी होती. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीच्या उड्डाण संचालक आणि प्रशिक्षण संचालक अशा दोन पदांवरच्या व्यक्तींना सहा महिन्यांसाठी निलंबित करण्यात आलं. २०२२ मध्ये दंड कंपनीला झाला होता. कंपनीच्या ताळेबंदात १० लाख कुठे जातात ते कुणाला दिसतही नाही. प्रशिक्षण विभागाच्या प्रमुखाचं पद सहा महिने हातातून गेलं की पुढच्या महिन्याचं सिम्युलेटरचं वेळापत्रक लावताना यंत्राच्या दोषांची यादी मागवली जाते. माझा कौल या दुसऱ्या पद्धतीला आहे.

अजून एक गोष्ट व्हायला हवी आणि तिला नवा कायदा लागत नाही. मॅक्सवर जाणाऱ्या प्रत्येक वैमानिकाच्या प्रशिक्षणाच्या नोंदीत, सराव झाला एवढंच न लिहिता, त्या सत्राच्या वेळी सिम्युलेटरमध्ये काय बंद होतं तेही त्याच पानावर लिहिलं जावं, आणि त्याखाली प्रशिक्षकाबरोबर शिकणाऱ्याचीही सही असावी. देनपसारहून आलेल्या विमानाच्या नोंदवहीत शेकरचा उल्लेख नव्हता, म्हणून सकाळच्या चालक दलाला तो कळला नाही. ग्रेटर नोएडातल्या सत्रांच्या कागदांवर तो ठळक लिहिला असता तर तिसऱ्या-चौथ्या जोडीपाशीच कुणीतरी परीक्षकाला थांबवलं असतं, आणि उरलेल्या जोड्यांना वेगळी तारीख मिळाली असती.